व्हेंटिलेटर, सिलिंडर आणि रात्रपाळी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

कोल्हापुरातल्या एका रुग्णालयाच्या रेस्पिरेटरी थेरपी विभागात मी काम करते. दम्याच्या पंपापासून व्हेंटिलेटरपर्यंत, श्वासाशी संबंधित सगळं आमच्याकडे येतं. वाचकांनी पाठवलेल्यांपैकी पाच प्रश्न आज घेते.

प्रश्न : चुलतभावाला झोपेत मण्यार साप चावला. डोळे मिटले, बोलणं बंद झालं, आता व्हेंटिलेटरवर आहे. गावात म्हणतात, एकदा मशीन लागलं की माणूस परत येत नाही, नुसतं बिल वाढतं. आम्ही काय समजायचं? (शाहूवाडी)

तुमच्या भावाच्या बाबतीत ही समजूत साफ चुकीची आहे. मण्याराचं विष फुप्फुसाला हात लावत नाही. मज्जातंतूंकडून स्नायूंना जाणारा निरोप ते तोडतं. आधी पापण्या गळतात, मग गिळता येत नाही, शेवटी छाती हलायची थांबते. माणूस गेल्यासारखा दिसतो, पण पुष्कळदा त्याला सगळं ऐकू येत असतं. म्हणून अशा रुग्णाच्या श्वासनलिकेत घातलेली नळी सक्शनने (कफ ओढून) साफ करायच्या आधी मी त्याला नावाने हाक मारून सांगते, 'दादा, आता खोकला येईल, घाबरू नका.' तुम्हीही भेटीच्या वेळी त्याच्याशी बोला. त्याच्या उशाशी उभं राहून 'आता काही खरं नाही' म्हणू नका, हात जोडून सांगते.

सर्पविषाची लस रक्तात फिरणारं विष निकामी करते. तंतूंच्या टोकाला झालेली इजा मात्र शरीरालाच भरून काढावी लागते आणि त्याला काही दिवस लागतात. तेवढे दिवस त्याच्या वतीने मशीन श्वास घेतं. सुधारणा दिसू लागली की आम्ही मशीनचा आधार अगदी कमी करून अर्धा ते दोन तास त्याला स्वतःच्या दमावर ठेवतो. श्वासाची गती, नाडी, ऑक्सिजन बघतो. खोकला जोरात येतो का, हेही बघतो. उशीवरून डोकं उचलून पाच सेकंद धरता आलं, की आम्हाला फार बरं वाटतं. असे रुग्ण पुढे आपल्या पायांनी घरी जातात.

प्रत्येक आजारात असंच होईल, असं मी म्हणणार नाही. फुप्फुसं वर्षानुवर्षं झिजलेली असतील किंवा एकापाठोपाठ एक अवयव थकत असतील, तर मशीनने वेळ मिळवून दिला तरी उपयोग होत नाही. म्हणून नातेवाइकांनी डॉक्टरांना एकच गोष्ट स्पष्ट विचारावी : नळी ज्या कारणासाठी घातली, ते कारण बरं होण्यासारखं आहे का?

प्रश्न : वडिलांना सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट दम्यासारखा आजार) आहे. घरी कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन) मिनिटाला 1 लिटरवर ठेवायला सांगितलाय. धाप लागली की मी 5 लिटर करतो, मग ऑक्सिमीटर 98 दाखवतो. चालेल ना? (शिरोळ)

नाही. कृपया आजपासून हे थांबवा. ऑक्सिजन हे औषध आहे आणि लिटर हा त्याचा डोस. सीओपीडीच्या अशा रुग्णांचा ऑक्सिमीटरवरचा आकडा सहसा 88 ते 92 एवढाच ठेवायचा असतो. तुमच्या डॉक्टरांनी कोणता आकडा दिलाय, तो विचारून कागदावर लिहून मशीनला चिकटवा. ऑक्सिजन जास्त दिला की यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. डोकं जड होतं, गुंगी येते, बोलणं असंबद्ध होतं. घरच्यांना वाटतं, आता कसे शांत झोपलेत!

धाप लागली की त्यांना पुढे वाकून, कोपर टेबलावर टेकवून बसवा. नाकाने श्वास घेऊन, शीळ घालताना करतो तसे ओठ करून हळूहळू सोडायला सांगा. ठरवून दिलेला पंप द्या. तरी धाप उतरत नसेल, आकडा 88 च्या खालीच राहत असेल किंवा गुंगी वाटली, तर थेट रुग्णालय गाठा.

शिरोळचे आहात म्हणून आणखी एक. 2019 आणि 2021 चा महापूर तुम्ही पाहिलाय. कॉन्सन्ट्रेटर विजेवर चालतो, वीज गेली की तो बंद. पावसाळ्याआधी भरलेला सिलिंडर घरात हवाच. बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण 1500 लिटर ऑक्सिजन मावतो, म्हणजे मिनिटाला 1 लिटर दिला तर सुमारे 25 तास. पाणी अंगणात येण्याची वाट न बघता वडिलांना आधीच नातेवाइकांकडे हलवा. आणि देवघरातली समई, चूल, विडी या सगळ्यापासून ऑक्सिजन लांब ठेवा.

प्रश्न : मुलाला दमा आहे. पंपाची सवय लागेल म्हणून गोळीच द्यावी का? (कोल्हापूर)

ताई, सवय लागत नाही. श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या सालब्युटामॉलच्या पंपाच्या एका पफमध्ये 100 मायक्रोग्रॅम औषध असतं. 4 मिलिग्रॅमची एक गोळी म्हणजे तसे 40 पफ, तेही सगळ्या अंगात फिरणार. पंप स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावूनच द्या आणि स्टिरॉइडचा असेल तर नंतर चूळ भरायला लावा.

प्रश्न : मी नवीन रेस्पिरेटरी थेरपिस्ट आहे. रात्री अलार्म वाजला की हात कापतात. आधी काय बघू? (इचलकरंजी)

आधी रुग्ण, मग स्क्रीन. छाती दोन्ही बाजूंनी उचलते का, रंग कसा आहे, ऑक्सिजनचा आकडा पडतोय का? पडत असेल तर मशीन सोडवा, ॲम्बू बॅगने (हाताने दाबायच्या फुग्याने) श्वास द्या आणि मदतीला हाक मारा. बॅग सहज दबली आणि आकडा चढला, तर दोष बहुधा मशीनमध्ये किंवा सर्किटमध्ये, म्हणजे मशीनपासून रुग्णापर्यंतच्या नळ्यांमध्ये. बॅग कडक लागली, तर नळी सरकली का, कफाने तुंबली का, रुग्ण ती चावतोय का, छातीत हवा भरली का, हे बघा. माझ्या पहिल्या वर्षी एका रात्री मी बराच वेळ सेटिंग बदलत बसले होते. सर्किटच्या खोलगट भागात पाणी साठलं होतं, एवढंच. एका वयस्कर सिस्टरनी नळी उचलून पाणी काढलं आणि अलार्म थांबला. तेव्हापासून पाळी सुरू होताच मी प्रत्येक बेडचं सर्किट हाताने तपासते आणि ॲम्बू बॅग उशाशी आहे ना, हे बघते. तुम्हीही हे करा. हात कापायचे कमी होतील.

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. या क्षेत्रात पाठवू का? (कागल)

बीएस्सी रेस्पिरेटरी थेरपी हा अभ्यासक्रम सहसा इंटर्नशिप धरून चार वर्षांचा असतो. 2021 च्या कायद्याने अशा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग नेमला आहे, त्यामुळे मान्यता आधी तपासा. कॉलेजच्या इमारतीपेक्षा त्याच्याशी जोडलेल्या रुग्णालयाचा आयसीयू बघा, विद्यार्थ्यांना बेडपाशी उभं राहू देतात का ते विचारा. रात्रपाळ्या असतात, कफ असतो, रक्त असतं. हे मुलीला आत्ताच सांगा आणि मग निर्णय तिलाच घेऊ द्या.