वळवाचा पाऊस आणि न्हाणीघराची कडी

“इतकी वर्षे झाली, मला साधे खरचटलेही नव्हते, मग आता भीती का वाटते? माझे डोके तर फिरले नाही ना?” आपत्तीतून सुखरूप वाचलेली, मनाच्या उपचारासाठी माझ्याकडे येणारी माणसे हा प्रश्न मला वारंवार विचारतात. मागे एकदा मे महिन्यात तो कोल्हापुरातल्या राजारामपुरीतल्या एका बाईंनी विचारला. त्यांच्या संमतीने, आणि ओळख पटू नये इतपत तपशील बदलून, ही हकीकत लिहीत आहे.

वळीव सुरू होऊन वाऱ्याने पत्रे वाजू लागले की या बाई आपल्या शाळकरी मुलाला ओढत न्हाणीघरात नेत आणि आतून कडी घालून बसत. मुलगा वैतागून म्हणे, “आई, वळीव आहे गं, सोड ना!” पती समजूतदार, पण तेही एकदा बोलून गेले, “एवढ्याशा वावटळीला काय भ्यायचे?”

माझ्या मते तो ‘वावटळ’ हा शब्दच आड येत होता. आपल्याकडे वावटळ म्हणजे माळावर पाचोळा गरगरवून विरून जाणारी गोष्ट. या बाई तेव्हा अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात, मूर या शहरात राहत होत्या, आणि २० मे २०१३ रोजी त्या शहरावरून गेलेल्या टोर्नेडोचा, म्हणजे ढगातून जमिनीवर उतरणाऱ्या प्रचंड वाऱ्याच्या भोवऱ्याचा, पट्टा काही ठिकाणी दीड किलोमीटरहून अधिक रुंद होता. तो सुमारे ३९ मिनिटे जमिनीवर राहिला, त्यातले वारे ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे गेले आणि २४ माणसे दगावली. त्यांत एका प्राथमिक शाळेतली ७ मुले होती. त्या भागात धोक्याच्या भोंग्याची चाचणी शनिवारी दुपारी बारा वाजता होते, त्यामुळे शनिवारच्या भोंग्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही. तो दिवस सोमवार होता.

तिथल्या बहुतेक घरांप्रमाणे यांच्या घरालाही तळघर नव्हते. त्यांनी तान्ह्या मुलाला न्हाणीघरातल्या कोरड्या टबात ठेवले, त्याच्यावर पालथ्या झाल्या आणि वरून गादी ओढून घेतली. कानांत दडे बसले, मालगाडी डोक्यावरून गेल्यासारखा आवाज झाला, आणि त्या सगळ्यात त्यांच्या नाकाला बाळाच्या टाळूवरच्या खोबरेल तेलाचा वास येत होता. बाहेर आल्या तेव्हा घराला छप्पर नव्हते.

‘आताच का?’ याचे उत्तर तिसऱ्या भेटीत सापडले. वर्षापूर्वी हे कुटुंब वरच्या मजल्यावर राहायला आले होते आणि गच्चीवर पत्र्याची शेड होती. संकटाच्या वेळचे आवाज, वास, उजेड यांची मेंदू धोक्याशी गाठ मारून ठेवतो. तशीच खूण पुन्हा समोर आली की विचार करायला सवड मिळण्याआधीच छाती धडधडू लागते. हे वेड नव्हे. मात्र दर वेळी कडी घातल्याने ‘आपण कडीमुळेच वाचलो’ असा समज शरीरात पक्का होत जातो आणि भीती निवत नाही, म्हणून आम्ही कडीपासूनच सुरुवात केली. आधी दार नुसते लोटून बसायचे, मग उघडे ठेवून, मग उंबऱ्याबाहेर. त्या वेळी पायांखालची फरशी, हातातला तांब्या, मुलाची आताची उंची यांकडे लक्ष द्यायचे. त्या दिवसाची हकीकत मात्र त्यांनी तयारी दाखवल्यावरच, तुकड्यातुकड्याने सांगितली. अशा प्रसंगानंतर माणसाला लगेच सगळे बोलायला लावण्याची आपल्याकडे घाई असते. अशा घाईने फायदा होतोच असे नाही. आणि वळवात वीज पडते, तेव्हा झाडाखालून उठून घरात येणे हा शहाणपणाच आहे, एवढी भीती मी कोणाची काढत नाही.

खरी मदत झाली ती सासूबाईंची. त्या कोल्हापूरजवळच्या चिखलीच्या. २०१९च्या महापुरात त्यांना नावेतून बाहेर काढले होते, आणि २०२१मध्ये पाणी पुन्हा आले. तेव्हापासून जुलै उजाडला की त्या चहाच्या आधी राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी विचारतात. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. यांची पितळी भांड्यांची ट्रंक मात्र ३७ फुटांनाच माळ्यावर चढते. याला घरात कोणी हसत नाही, कारण पाणी सगळ्यांनी पाहिले आहे. सुनेचा टोर्नेडो इथे कोणीच पाहिलेला नव्हता.

एका भेटीला त्या सुनेबरोबर आल्या. धोक्याची सूचना निघाल्यापासून टोर्नेडो जमिनीवर उतरेपर्यंत १६ मिनिटे मिळाली होती, हे त्यांनी प्रथमच ऐकले. बराच वेळ त्या पदराचे टोक चाळवत राहिल्या, मग म्हणाल्या, “आमचं पाणी निदान सांगून तरी येतंय गं. तुझं वारं तर भात शिजायच्या आत घर घेऊन गेलं, व्हय?” सून रडली, माझ्यासमोर ती पहिल्यांदाच रडत होती.

पुढच्या वळवात बाई न्हाणीघरापर्यंत गेल्या, पण कडी घातली नाही. त्यानंतरच्या एका वळवात घातली. जुलैत त्यांनी ठरलेली भेट पुढे ढकलली, कारण पातळी ३६ फुटांवर गेली होती आणि सासूबाईंनी ट्रंक चढवायला त्यांना चिखलीला बोलावले होते.