रिपोर्ट नॉर्मल, पण अंगात त्राण नाही

प्रश्न : माझी आई ७६ वर्षांची आहे. गेल्या वर्षभरात तिचे वजन ५३ किलोवरून ४८ किलोवर आले असून मनगटातल्या बांगड्या आता कोपरापर्यंत सरकतात. मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, मात्र रक्ताचे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेविषयी विचारायला गेलो, तेव्हा डॉक्टरांनी तिला हात न टेकता पाच वेळा खुर्चीतून उठायला लावले, थोडे चालवून घड्याळात वेळ पाहिली आणि ‘आधी तीन महिने ताकद भरून काढू’ असे सांगून परत पाठवले. ताकद अशी मोजता येते का? की वय झाले म्हणून हे सोडून द्यावे?
– एक वाचक, कराड

उत्तर : कृपा करून सोडून देऊ नका. तुमच्या डॉक्टरांनी जे केले ते अगदी योग्य होते, आणि अशी तपासणी आपल्याकडे फार कमी ठिकाणी होते याची मला खंत वाटते.

तुमच्या आईंच्या बाबतीत ज्याची शंका आली, त्याला वैद्यकात ‘फ्रेल्टी’ म्हणतात. आपण क्षीणता म्हणू. हा एखाद्या अवयवाचा आजार नसतो. स्नायू, हृदय, मेंदू, भूक या सगळ्यांजवळची शिल्लक थोडी थोडी कमी होत जाते आणि रोजचे व्यवहार कसेबसे चालू राहतात. परंतु ताप, जुलाब, पडणे किंवा शस्त्रक्रिया असा एखादा धक्का बसला की तरुण माणूस आठवड्यात ज्यातून उठतो, त्यातून अशी व्यक्ती महिनोन्महिने सावरत नाही. शिल्लक किती उरली आहे, हे रक्ताच्या रिपोर्टवर सहसा दिसत नाही, उठण्या-चालण्यात मात्र दिसते.

अमेरिकेतील डॉ. लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये यासाठी पाच खुणा मांडल्या : प्रयत्न न करता वर्षभरात साडेचार किलो किंवा त्याहून अधिक वजन उतरणे, सतत थकवा, हाताची पकड सैल होणे, चाल मंदावणे आणि हालचाल कमी होणे. यांपैकी तीन किंवा अधिक खुणा आढळल्या तर क्षीणता आहे असे मानतात, आणि एक-दोन असतील तर ती उंबरठ्यावर आहे असे समजतात. आईंचे पाच किलो वजन घटले, म्हणजे एक खूण तर निश्चितच आहे. खुर्चीची चाचणी जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक पुस्तिकेतही आहे : हात छातीशी घडी घालून पाच वेळा उठायला १४ सेकंदांहून अधिक लागले, तर पुढची सविस्तर तपासणी करावी. चालण्यासाठी ढोबळ हिशेब असा की, नेहमीच्या चालीने चार मीटर अंतर पाच सेकंदांत कापता यावे. घरी हे करून पाहणार असाल, तर खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा आणि एकाने जवळ उभे राहा.

यापुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वजन का उतरले, हे शोधल्याशिवाय टॉनिकची बाटली आणू नका. कवळी सैल झाल्यामुळे भाकरी चावता येत नसेल, मन उदास असेल, थायरॉइडचा त्रास असेल, कधी एखादा दडलेला गंभीर आजारही असेल. गोळ्यांकडे विशेष लक्ष द्या. आईंचे वजन आणि जेवण दोन्ही घटले असताना मधुमेहाची गोळी जुन्याच मात्रेत चालू राहिली, तर साखर एकदम खाली जाऊ शकते. रक्तदाबाच्या गोळीने पहाटे अंथरुणातून उठताना चक्कर येऊ शकते. म्हणून सगळ्या गोळ्यांची पाकिटे, आयुर्वेदिक औषधांसकट, एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या आणि रक्तदाब आडवे असताना व उभे राहिल्यावर असा दोन्ही वेळा मोजण्याची विनंती करा. गोळी मनाने मात्र बंद करू नका.

आहारात मूत्रपिंडाचा विकार नसेल, तर दर किलो वजनामागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे आईंना साधारण ५० ते ५५ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम आणि पाव लिटर दुधात सुमारे आठ ग्रॅम मिळतात. उपवासाच्या साबुदाण्यात जवळजवळ काहीच नाही. सोमवार, गुरुवार आणि एकादशी असे उपवास आई धरत असतील, तर हा विषय त्यांच्याशी प्रेमाने काढा. जोडीला फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली पायांच्या ताकदीचे आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम हवेतच, कारण नुसत्या खाण्याने स्नायू भरत नाहीत. अमेरिकेत ७० ते ८९ वयाच्या १,६३५ जणांवर झालेल्या, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नियमित व्यायाम करणाऱ्या गटात चालणे-फिरणे गमावण्याचे प्रमाण कमी आढळले. क्षीणता वेळीच ओळखली तर बऱ्याच जणांत ती मागे हटवता येते. डॉक्टरांनी तीन महिने मागितले ते यासाठीच.

प्रश्न : मी ८१ वर्षांचा असून एकटा राहतो. रोज फिरायला जातो, मला काहीही त्रास नाही. तरीही मी अशी तपासणी करावी का?
– एक ज्येष्ठ वाचक, नाशिक

उत्तर : जरूर करावी, वर्षातून एकदा आणि पडल्यास किंवा रुग्णालयात राहून आल्यावर पुन्हा. ‘व्हीईएस-१३’ नावाची १३ प्रश्नांची एक यादी आहे, तिच्यात वय, स्वतःला वाटणारी प्रकृती, वाकणे, ओझे उचलणे, खरेदी, पैशांचे व्यवहार, आंघोळ अशा गोष्टी विचारतात. आपल्या वयाचा एक गुण तिथे आधीच धरला जातो. एकूण गुण तीन किंवा अधिक झाले, तर पुढील दोन वर्षांत परावलंबी होण्याचा किंवा मृत्यूचा धोका इतरांच्या सुमारे चौपट असल्याचे मूळ अभ्यासात दिसले होते. पैशांच्या व्यवहारांविषयी प्रामाणिक उत्तर द्या. बँकेची कामे हल्ली शेजारच्या मुलाकडून करून घेत असाल, तर तसे सांगा. खुर्चीतून उठायला किती सेकंद लागले, तेही तारखेसह डायरीत लिहून ठेवा आणि पुढच्या वर्षी तीच खुर्ची वापरा, कारण बैठकीची उंची बदलली की आकडाही बदलतो.