ट्रॅप कुठून ऐकायला घ्यायचं, फ्युचर बेस कुठून?

प्रश्न: मी बरीच वर्षं हाऊस आणि ट्रान्स ऐकतोय, आता इलेक्ट्रॉनिक संगीतातलेच ट्रॅप आणि फ्युचर बेस हे प्रकार ऐकायचेत. पण कुठलीही प्लेलिस्ट लावली की सगळं सारखंच वाटतं, थोड्या वेळाने कंटाळा येतो. नेमके कुठले ट्रॅक ऐकू?

उत्तर: अरे, तुझ्या कानाला हाऊसच्या सरळ चार किकची, म्हणजे प्रत्येक ठोक्याला पडणाऱ्या जाड ड्रमची सवय आहे ना, म्हणून होतंय हे. ट्रॅपचा टेम्पो मिनिटाला साधारण १४० ठोके असला तरी स्नेअर (तो कडक, टाळीसारखा ड्रम) चारातल्या तिसऱ्या ठोक्यावर पडतो त्यामुळे तो ७०चा वाटतो, आणि वरून हाय-हॅट्स (झांजेचे बारीक ठोके) धडाधड पळत असतात. म्हणजे आधी स्नेअर पकड, मान त्याच्यावर हलव, बाकीचं मग आपोआप बसतं.

पहिला ट्रॅक टीएनजीएचटीचा 'हायर ग्राउंड', २०१२चा. हडसन मोहॉक आणि लुनिस या दोघांचं काम, ब्रासचे असले दणके की अजूनही जुना वाटत नाही. मग आरएल ग्राइमचा 'कोअर', २०१४. यात ड्रॉपला, म्हणजे चढत गेलेलं गाणं एकदम कोसळतं त्या भागात, वाद्यं मोजकीच आहेत आणि मला वाटतं ट्रॅपची खरी ताकद तिथेच आहे, मधली रिकामी जागा भरायची घाई केलेली नाही. आणि हे मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नकोस प्लीज! ८०८ या ड्रम मशीनची किक लांब घुमते आणि तीच बेस म्हणून वाजते, छोट्या स्पीकरमधून तो खालचा आवाज येतच नाही मग उरतात फक्त हाय-हॅट्स. बरा हेडफोन लाव.

फ्युचर बेसमध्ये मात्र जीव कॉर्ड्समध्ये, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांमध्ये असतो. सुरुवात फ्लूमने २०१३ मध्ये केलेल्या डिस्क्लोजरच्या 'यू अँड मी'च्या रीमिक्सपासून कर. आधी एलायझा डूलिटलचा आवाज, सगळं संथ चाललंय, आणि मग त्या कॉर्ड्स अशा अंगावर येतात की मी आजही ते ऐकताना हातातलं काम थांबवते. त्यानंतर सॅन होलोचा 'लाइट', आणि खेळकर काही हवं असेल तर वेव्ह रेसरचा 'स्ट्रीमर्स'. ट्रान्सवाल्या माणसाला पोर्टर रॉबिन्सन आणि मेडिऑनचा 'शेल्टर' नक्की आवडेल कारण त्यात तसाच भावनेचा चढ आहे. आणि हे सगळं सलग लावू नकोस, एक ट्रॅक दोनदा ऐक आणि मगच पुढचा.

प्रश्न: मी घरी लॅपटॉपवर फ्युचर बेस बनवून बघतेय, पण माझ्या कॉर्ड्स सपाट वाटतात. त्या थरथरत्या कॉर्ड्स कशा करतात?

उत्तर: आवाजाच्या पातळीवर किंवा फिल्टरच्या कटऑफवर (जिथून वरचे सूर कापले जातात तिथे) एलएफओ लाव, म्हणजे ती पातळी आपोआप वरखाली हलवत ठेवणारी संथ लहर. पण तो एकाच वेगाने चालू ठेवलास की पुन्हा सपाटच वाटणार, म्हणून त्याचा वेग कधी आवर्तनाच्या आठव्या भागावर, कधी सोळाव्यावर, कधी ट्रिपलेट (दोनच्या जागी तीन) असा बदलत रहा. सॉ वेव्हचे (सिंथचा तो करकरीत, भरीव आवाज) दोनतीन थर थोडे डीट्यून करून, म्हणजे सुरातून किंचित हलवून, एकत्र लाव. साध्या तीन सुरांच्या कॉर्ड्सऐवजी जास्तीचे सूर असलेल्या सेव्हन्थ, नाइन्थ कॉर्ड्स घे, अर्धा गोडवा तिथूनच येतो. आणि कॉर्ड्स किकला साइडचेन कर, म्हणजे त्यांचा आवाज किकशी जोड, किक पडली की कॉर्ड्स क्षणभर खाली जाऊन परत वर येतील. वर सांगितलेला फ्लूमचा रीमिक्स तुझ्या प्रोजेक्टमध्येच एका ट्रॅकवर टाक आणि तुझा ड्रॉप त्याच्या शेजारी लावून ऐक, कुठे काय कमी पडतंय ते लगेच कळेल.