आधी रोजकीर्द, मग खतावणी : डेटाबेसविषयी वाचकांचे प्रश्न

जून उजाडला की ठाणे आणि नवी मुंबईतून माझ्याकडे येणारे प्रश्न एकाच वळणाचे असतात : लाइट गेली, सर्व्हर बंद पडला, पुन्हा सुरू झाला, आता आतल्या माहितीवर विसंबायचे की नाही? उत्तराचा पाया सर्वांना सारखाच आहे. जुन्या पेढीवरचा दिवाणजी व्यवहार झाला की आधी रोजकीर्दीत ओळ लिहीत असे आणि खतावणी सवडीने करत असे. मध्येच दिवा विझला तरी कीर्द शाबूत असल्यामुळे खतावणी पुन्हा उभी करता येई. राइट-अहेड लॉग, म्हणजे ज्याला आपण सरसकट ‘वॉल’ म्हणतो, ही डेटाबेसची रोजकीर्द आहे आणि टेबल (मूळ नोंदींचे तक्ते) व इंडेक्स (त्यांतली नोंद चटकन शोधून देणारी सूची) ही खतावणी. एवढे ध्यानात ठेवून पुढची उत्तरे वाचावीत.

प्रश्न (वागळे इस्टेट) : सॉफ्टवेअरवाल्याने पोस्टग्रेस या डेटाबेसमधील एफसिंक बंद करून वेग चांगलाच वाढवून दिला. यूपीएस असल्यामुळे धोका नाही, असे तो म्हणतो. ते बरोबर आहे का?

बरोबर नाही. कीर्दीतली ओळ खरोखर डिस्कवर उतरली की नाही, याची खात्री होईपर्यंत थांबणे म्हणजे एफसिंक. ते बंद केल्यावर कीर्द आधी आणि खतावणी नंतर हा क्रमच उरत नाही, आणि मग क्रॅशनंतर संपूर्ण डेटाबेस निकामी होऊ शकतो. यूपीएस फक्त बाहेरच्या विजेचा भार सांभाळतो. सर्व्हरच्या आतला पॉवर सप्लाय जळणे, कार्यप्रणाली गोठणे किंवा झाडूवाल्या मावशींच्या हातून प्लग निघणे, यांतल्या एकाही प्रसंगी तो उपयोगाचा नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदम गेली, तेव्हा बॅटरी संपण्यापूर्वी सर्व्हर शिस्तीत बंद करायला किती कार्यालयांत माणूस हजर होता, हे ज्याचे त्याने आठवावे.

वेग हवाच असेल तर सिंक्रोनस कमिट (कीर्द उतरल्यावरच ‘व्यवहार झाला’ म्हणणे) बंद करण्याचा पर्याय आहे. त्यात क्रॅश झाल्यास शेवटच्या क्षणांतले व्यवहार जातात, मूळ मांडणीनुसार फार तर सुमारे ०.६ सेकंदांचे, मात्र उरलेली माहिती सुसंगत राहते. पैशांच्या नोंदींना तेही चालणार नाही. शिवाय स्वस्त एसएसडी काही वेळा स्वतःच्या तात्पुरत्या स्मृतीत घेतलेली नोंद ‘लिहिली’ म्हणून कळवते. वीज गेल्यावर तेवढी नोंद उतरवण्यापुरते कपॅसिटर तिच्यात आहेत का, हे व्हेंडरकडून लेखी घ्या. एफसिंक आजच सुरू करा, आणि मधल्या काळात सर्व्हर एकदाही अचानक बंद पडला असेल तर तपासणी करवून घ्या.

प्रश्न (घोडबंदर रोड) : पीजी वॉल या फोल्डरने ४० जीबी जागा व्यापली आहे. लॉगच आहे, तर जुन्या फाइली पुसू का?

नाही.

हा फोल्डर म्हणजे पोस्टग्रेसची कीर्दच. पूर्वी त्याच्या नावात ‘लॉग’ होते आणि लोक तो बिनकामाचा समजून रिकामा करत. २०१७ साली आलेल्या दहाव्या आवृत्तीत नाव बदलण्यामागे तेच कारण होते. नाव बदलले, सवय राहिली. फाइली साचण्याचे कारण बहुधा दोहोंपैकी एक असते : आर्काइव्हची, म्हणजे कीर्दीची प्रत दुसरीकडे साठवण्याची, आज्ञा अयशस्वी होत आहे, किंवा बंद केलेल्या रेप्लिकाचा (डेटाबेसच्या जुळ्या प्रतीचा) स्लॉट, म्हणजे तिच्यासाठी कीर्द राखून ठेवणारी खूण, तसाच राहून गेला आहे. कारण दूर केले की पुढच्या चेकपॉइंटनंतर (तोवरची कीर्द खतावणीत उतरवून झाल्याच्या खुणेनंतर) फोल्डर आपोआप आटोपतो. डिस्क भरून सर्व्हर थांबलाच असेल तर आधी डिस्क वाढवा आणि जाणकाराला बोलवा. ‘रीसेट वॉल’ची आज्ञा कोणी सुचवलीच, तर ती कीर्द फाडून टाकण्याची आज्ञा आहे, हे समजून घ्या.

प्रश्न (ऐरोली, अभियांत्रिकीचा विद्यार्थी) : बी-ट्री इंडेक्सचे पान दुभंगत असतानाच वीज गेली, तर अर्ध्या नोंदी हरवत नाहीत का?

प्रश्न चांगला आहे. बी-ट्री म्हणजे क्रमाने लावलेल्या पानांचे झाड; वरची पाने खालच्या पानांचे पत्ते सांगतात. पान भरले की उजवीकडच्या नोंदी नव्या पानावर जातात आणि मग वरच्या पानात नव्या पानाचा पत्ता लिहिला जातो. पोस्टग्रेसमध्ये या दोन पायऱ्यांच्या कीर्दीत दोन वेगळ्या नोंदी होतात, त्यामुळे त्यांच्या मध्ये क्रॅश होऊ शकतो. तरीही शोध चुकत नाही, कारण प्रत्येक पानाकडे उजव्या शेजाऱ्याचा पत्ता असतो; लेहमन आणि याओ यांनी १९८१ साली मांडलेली ही युक्ती आहे. अपुऱ्या दुभंगाची खूण पानावर राहते आणि पुढे तेथे नवी नोंद करायला येणारा व्यवहार ते काम पुरे करतो.

त्याहून अवघड प्रसंग फाटक्या पानाचा. पोस्टग्रेसचे पान ८ केबीचे असते, आणि वीज जाताना त्यातले ४ केबीच डिस्कवर उतरलेले असू शकतात. अशा अर्धवट पानावर कीर्दीतला बदल चढवून उपयोग नाही. म्हणून चेकपॉइंटनंतर पान पहिल्यांदा बदलले की त्याची संपूर्ण प्रतच कीर्दीत ठेवतात. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचे इनोडीबी (माहिती साठवणारे इंजिन) त्याऐवजी पान आधी वेगळ्या जागी लिहून मग मूळ जागी लिहिते.

प्रश्न (नेरूळ) : हॅश इंडेक्स क्रॅशनंतर भरवशाचा नसतो, असे ऐकले. खरे का?

हॅश इंडेक्स म्हणजे क्रमाऐवजी मूल्यावरून काढलेल्या आकड्याने शोधणारी सूची. पोस्टग्रेसच्या दहाव्या आवृत्तीपूर्वी खरे होते, कारण त्याची कीर्द लिहिलीच जात नसे. आता नाही. आपली आवृत्ती पाहा.

प्रश्न (तुर्भे) : महिन्यापूर्वी नवा सर्व्हर घेतला आणि डेटा फोल्डर जसाच्या तसा कॉपी केला. आता काही पार्टींचा कोड टाकला की ‘सापडत नाही’ येते, पण पूर्ण यादीत ती पार्टी दिसते. रीइंडेक्स केले की झाले ना? सीझन संपल्यावर करू म्हणतो.

सीझन संपेपर्यंत थांबू नका. आणि रीइंडेक्सही (इंडेक्स पुन्हा बांधण्याची आज्ञा) लगेच चालवू नका. इंडेक्स टेबलावरूनच पुन्हा बांधता येतो म्हणून त्याचे बिघडणे किरकोळ, या समजुतीने जितके नुकसान होते तितके मी वीज जाण्याने झालेले पाहिलेले नाही.

लक्षणांवरून येथे क्रॅशचा संबंध दिसत नाही. अक्षरांचा क्रम पोस्टग्रेस बहुतेक ठिकाणी कार्यप्रणालीच्या ग्रंथालयाकडून (तयार सॉफ्टवेअर-संचाकडून) घेते, आणि लिनक्सच्या जीलिबसी या अशा ग्रंथालयाच्या २.२८ या २०१८ च्या आवृत्तीत तो क्रम मोठ्या प्रमाणावर बदलला. इंग्रजी अंकांत लिहिलेले ११ आणि १-१ घ्या : जुन्या क्रमात ११ आधी येई, नव्यात १-१ आधी येतो. आपल्या पार्टी कोडांत आडवी रेघ आहे का, ते पाहा. जुन्या क्रमाने रचलेल्या इंडेक्समध्ये नवा सर्व्हर नव्या क्रमाने शोधतो आणि चुकीच्या फांदीवर जाऊन ‘नाही’ म्हणतो. राइट-अहेड लॉग येथे काहीच करू शकत नाही, चेकसमही (पानाची बेरीज-पडताळणी) बिनचूक येतो, कारण पानावरचा प्रत्येक बाइट जागच्या जागी आहे. पोस्टग्रेसच्या पंधराव्या आवृत्तीपासून याचा इशारा दिसतो. तो ‘रिफ्रेश’च्या आज्ञेने गप्प करता येतो आणि तसे करून बिल लावणारे महाभागही आहेत. त्याने इंडेक्स दुरुस्त होत नाही.

खरी भीती युनिक इंडेक्सची, म्हणजे एकच कोड दोनदा येऊ न देणाऱ्या इंडेक्सची, आहे. एका माल वाहतूकदाराच्या कार्यालयात मी पडद्यावर एकाच कोडाच्या दोन पार्टी पाहिल्या : एकीच्या नावावर सगळी उधारी, दुसरीच्या नावावर सगळी जमा. कारकुनाला कोड सापडला नाही, म्हणून त्याने पार्टी नव्याने उघडली, आणि ‘आधीच आहे’ असे सांगायचे तो इंडेक्सच आंधळा झाला होता. अशा वेळी रीइंडेक्स ‘युनिक इंडेक्स बनवता येत नाही’ म्हणून थांबते. मग कोणीतरी दोहोंतली एक ओळ अंदाजाने पुसतो.

म्हणून नव्या नोंदी थांबवा, सर्व्हर बंद करून डेटा फोल्डरची संपूर्ण प्रत बाजूला ठेवा, मग अ‍ॅमचेक या पोस्टग्रेसच्या तपासणी-एक्स्टेन्शनने (जोडसाधनाने) प्रत्येक बी-ट्री इंडेक्स तपासा. दुहेरी ओळी इंडेक्सचा वापर बंद करून शोधा आणि त्यांतली कोणती खरी, हे हिशेबनीसासमोर बसून ठरवा. रीइंडेक्स त्यानंतर. हे काम पत्रावरून करण्यासारखे नाही; अनुभवी माणूस याच आठवड्यात गाठा.

प्रश्न (कोपरी) : दुकानाच्या बिलिंगची एसक्यूलाइट (छोटा डेटाबेस) फाइल रोज पेन ड्राइव्हवर घेतो. संगणक बिघडला, दुरुस्तीला दिला. कॉपीत शेवटच्या दिवसाची बिलेच नाहीत. बिले कुठे गेली?

शेजारच्या फाइलीत. २०१० साली ३.७.० आवृत्तीपासून एसक्यूलाइटमध्येही वॉल पद्धत आहे. तीत ताज्या नोंदी आधी त्याच नावाच्या, शेवटी ‘-वॉल’ लागलेल्या फाइलीत जातात आणि नंतर मूळ फाइलीत उतरतात. प्रोग्राम चालू असताना आपण एकच फाइल उचललीत. यापुढे एसक्यूलाइटची बॅकअप आज्ञा वापरा, किंवा प्रोग्राम नीट बंद करून मगच कॉपी घ्या. आत्ता मात्र दुरुस्तीवाल्याला फोन करून डिस्क फॉरमॅट करू नका म्हणून सांगा : दोन्ही फाइली तिच्यावर एकत्र शाबूत असतील, तर बिले परत मिळण्याची चांगली शक्यता आहे.