सापाचे पिल्लू हाती घेताना

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये लीड्स येथे राहतो. बारा वर्षांच्या मुलाच्या हट्टाखातर आम्ही गेल्या आठवड्यात कॉर्न स्नेक जातीच्या सापाचे अडीच महिन्यांचे पिल्लू घरी आणले. पेटीत हात घातला की ते शेपटी थरथरवते, मान वळवून अंगावर येते आणि एकदा तर त्याने मुलाच्या हातावर दुर्गंधीयुक्त घाण सोडली. मुलगा आता बिचकतो आहे आणि मी स्वतः त्याला अद्याप स्पर्शही केलेला नाही. हे पिल्लू मुळातच तापट असेल का? त्याला माणसाची सवय कशी लावावी? सासूबाई त्याच्यापुढे दूध ठेवावे असे सुचवतात, ते योग्य आहे का?

उत्तर : आपण सांगितलेली तिन्ही लक्षणे भीतीची आहेत, रागाची नव्हेत. कॉर्न स्नेक हा अमेरिकेच्या आग्नेय भागातील बिनविषारी साप असून अंड्यातून बाहेर पडताना त्याचे पिल्लू जेमतेम वीतभर लांब आणि दहा ग्रॅमपेक्षाही हलके असते. रानात पक्षी, लहान सस्तन प्राणी आणि मोठे साप अशा अनेकांचे ते भक्ष्य असल्यामुळे वरून येणारी प्रत्येक मोठी, हलती वस्तू त्याला शत्रूच वाटते, आणि आपला हात ही त्याच्या दृष्टीने अशीच एक वस्तू आहे. वाळलेल्या पाचोळ्यात शेपटी थरथरवून आवाज करणे, मानेची नागमोडी घडी घालून झेप घेण्याचा आव आणणे आणि अखेरीस दुर्गंध सोडणे हे त्याचे संरक्षणाचे उपाय आहेत. बहुतेक पिल्ले वाढू लागली आणि हाताच्या स्पर्शातून काही वाईट घडत नाही असा अनुभव त्यांना पुन्हा पुन्हा आला की हे सारे सोडून देतात.

घरी आणल्यावर पहिला आठवडा त्याला मुळीच हात लावायला नको होता. तो निवांत आठवडा त्याला आता द्यावा. पाणी बदलणे आणि पेटी स्वच्छ करणे एवढ्यापुरताच संबंध ठेवावा. दोन-तीन वेळा त्याने नीट खाल्ल्यानंतरच हाताळण्यास सुरुवात करावी. पेटीत लपण्यासाठी किमान दोन जागा, एक उबदार बाजूला आणि एक थंड बाजूला, असल्याच पाहिजेत. लपायला जागा नसलेले पिल्लू दिवसभर धास्तावलेले राहते आणि मग हाताळण्याची कितीही चांगली पद्धत निरुपयोगी ठरते.

उचलण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत, कारण हाताला उंदराचा वा घरातील अन्य प्राण्याचा वास असेल तर पिल्लू बोटालाच खाद्य समजू शकते. पिल्लू जागे आहे याची खात्री करून, हात वरून न आणता बाजूने, त्याला दिसेल अशा बेताने आणि एकाच गतीने पुढे न्यावा. अर्ध्यावर थबकून हात मागे घेणे ही नवशिक्यांची नेहमीची सवय आहे आणि पिल्लाला बिथरवणारी सर्वांत मोठी गोष्टही बहुधा तीच असते. ते फारच सावध असेल तर कागदाच्या गुंडाळीने आधी त्याच्या अंगाला हलकेच स्पर्श करावा, म्हणजे ही वेळ खाण्याची नाही हे त्याच्या लक्षात येऊ लागते. त्यानंतर शरीराच्या मध्यभागाखाली बोटे सरकवून त्याला ओंजळीत उचलावे. डोके किंवा मान पकडू नये आणि शेपटीने तर कधीच उचलू नये. पिल्लाला मुठीत आवळून धरायचे नसते. त्याला खालून आधार द्यायचा आणि ते पुढे सरकू लागले की एका हातापुढे दुसरा हात ठेवत जायचे, म्हणजे त्याला वाट मिळते आणि पडण्याची भीती वाटत नाही. हे सर्व जमिनीवर बसून करावे. पिल्लू निसटले तरी उंचीवरून पडत नाही आणि मुलाचीही धास्ती त्यामुळे निम्मी होते.

सुरुवातीला पाच मिनिटे, आठवड्यातून दोन-तीन वेळा, एवढे पुरे. पुढे ही वेळ दहा-पंधरा मिनिटांपर्यंत वाढवावी. पिल्लू जीभ लपलपवीत संथपणे फिरत असेल तर ते भोवतालचा वास घेत आहे, ही चांगली खूण आहे. ते झटके देत पळू पाहत असेल किंवा मानेची घडी घालून ताठ झाले असेल तर ते घाबरलेले आहे असे समजावे. शक्य असेल तर ते क्षणभर शांत होईपर्यंत थांबावे आणि मगच पेटीत ठेवावे. डोळे निळसर-दुधी झाले असतील तर कात टाकण्याची वेळ जवळ आली आहे. त्या काळात त्याला कमी दिसते, म्हणून कात पूर्ण निघेपर्यंत हाताळणे बंद ठेवावे.

चावण्याविषयी थोडे स्पष्ट लिहितो, कारण सारी भीती तिथेच अडकलेली असते. या वयाच्या पिल्लाचे दात इतके लहान असतात की चावा टोचल्यासारखा जाणवतो, कित्येकदा रक्तही येत नाही. मात्र दात आतल्या बाजूस वळलेले असल्यामुळे हात हिसडल्यास पिल्लाच्या तोंडाला इजा होते. स्थिर राहावे, ते स्वतःच सोडते. मग जागा साबण-पाण्याने धुवावी. पहिले काही दिवस आपण स्वतः पातळ हातमोजे घातल्यास हरकत नाही, पण त्यांची सवय होऊ देऊ नये, कारण मोज्यातून पिल्लाच्या हालचालीचा अंदाज येत नाही. आणि साप डूख धरतो ही समजूत येथे बाजूला ठेवावी. कालच्या अवघडलेल्या प्रयत्नाचा सूड ते आज उगवत नाही.

हाताळून झाल्यावर पुन्हा हात धुणे अनिवार्य आहे. निरोगी दिसणाऱ्या सापाच्या अंगावरही साल्मोनेला जिवाणू असू शकतात, म्हणून घरात पाच वर्षांखालील मूल, गर्भवती स्त्री किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेली व्यक्ती असेल तर तिने सापापासून दूर राहावे. पेटी वा भांडी स्वयंपाकघरात धुऊ नयेत. मुलाने आपल्या देखरेखीशिवाय पेटी उघडू नये. इंग्लंडमध्ये 2006 च्या प्राणी कल्याण कायद्यानुसार सोळा वर्षांखालील मुलाच्या प्राण्याची जबाबदारी पालकांचीच मानली जाते. झाकण पक्के लावावे, कारण पेन्सिल शिरेल एवढी फट या पिल्लाला पुरते. सासूबाईंना सांगावे की सापाला दूध पचत नाही. स्वच्छ पाण्याची वाटी हेच त्याचे आतिथ्य.

प्रश्न : आमच्या कॉर्न स्नेकच्या पिल्लाने उंदराचे पिल्लू खाल्ले आणि त्याच संध्याकाळी पाहुण्यांना दाखवण्यासाठी आम्ही त्याला बाहेर काढले. रात्री त्याने खाल्लेले सर्व उलटून टाकले. ते आजारी आहे का? (लंडन)

उत्तर : कारण बहुधा हाताळणी हेच आहे. खाल्ल्यानंतर किमान 48 तास पिल्लाला हात लावू नये, कारण पचनासाठी त्याला ऊब आणि निवांतपणा दोन्ही लागतात आणि भीती वाटली की पोटातले ओझे टाकून देणे हा पळ काढण्यासाठी त्याला उपयुक्त असा मार्ग असतो. आता घाईने पुन्हा खाऊ घालू नये. पाणी ठेवून दहा-बारा दिवस त्याला एकटे सोडावे आणि मग आधीपेक्षा लहान खाद्य द्यावे. उबदार बाजूचे तापमान 30 अंश सेल्सिअसच्या आसपास आहे ना, हे थर्मोमीटरने तपासावे. थंडी हेही उलटण्याचे नेहमीचे कारण आहे. असे पुन्हा घडले तर सरपटणाऱ्या प्राण्यांचे ज्ञान असलेल्या पशुवैद्याकडे न्यावे.

प्रश्न : पुण्याजवळ आमच्या बागेत पावसाळ्यात धामणीचे पिल्लू सापडले. ते बिनविषारी असल्यामुळे पाळता येईल का आणि माणसाळवता येईल का?

उत्तर : नाही. धामण आणि आपल्याकडील इतर जंगली सापांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्यांना पकडणे वा घरी ठेवणे हा गुन्हा आहे. बॉल पायथॉनसारख्या, आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या 'साइटिस' कराराच्या यादीतील विदेशी सापांचीही नोंदणी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या 'परिवेश' संकेतस्थळावर करावी लागते. शिवाय ओळखीची चूक महागात पडते. पिल्लांची नक्षी मोठ्या सापापेक्षा वेगळी असू शकते, बिनविषारी कवड्या आणि अतिविषारी मण्यार यांची गल्लत तर नेहमीच होते, आणि विषारी सापांची पिल्ले जन्मतःच विषारी असतात. छायाचित्र पाहून केलेली ओळखही पुरेशी समजू नये. वनविभागाला 1926 या क्रमांकावर कळवावे किंवा अनुभवी सर्पमित्राला बोलवावे. तोपर्यंत मुलांना व कुत्र्या-मांजरांना घरात ठेवावे, पिल्लावर टोपली झाकण्याचाही प्रयत्न करू नये, आणि लांबून त्याच्यावर नजर ठेवावी, म्हणजे येणाऱ्या माणसाला ते शोधत बसावे लागत नाही.