चेसमध्ये जिंकणं म्हणजे नक्की काय, नवीन प्लेयरसाठी

अरे रोज रेटिंग (तुझ्या खेळाची ताकद दाखवणारा आकडा) बघत बसणं आधी बंद कर. फिडेत (चेसची जागतिक संघटना) नवीन प्लेयरचा के फॅक्टर, म्हणजे एका गेममागे रेटिंग जास्तीत जास्त किती हलू शकतं ते, 40 असतो, त्यामुळे पहिले 30 गेम होईपर्यंत आकडा नुसता वरखाली उड्या मारणार, त्यावरून काही कळत नाही. समोरच्याने वजीर फुकट दिला आणि तू जिंकलास, तर त्यात तुझा खेळ कुठे दिसला? उलट 400 पॉइंट जास्त असलेल्याशी, एक प्यादं कमी असताना हत्तीच्या एंडगेममध्ये (शेवटी राजा, हत्ती आणि प्यादीच उरतात तेव्हा) चिवटपणे लढून ड्रॉ काढलास तर माझ्या मते ती खरी कमाई (घरचे विचारतील जिंकलास का, विचारू दे). गेम संपला की लगेच इंजिन (चाली तपासणारा कॉम्प्युटर प्रोग्राम) लावू नको, आधी स्वतः शोध कुठे विचार चुकला, आणि जिंकलेले गेम पण तपास, ते कोणी तपासतच नाही.