अलेक्झांड्रिया एका दिवसात: वाचक विचारतात

प्रश्न (लातूरहून): दिवाळीनंतर आम्ही आठ जण इजिप्तला जायलोत. ट्रॅव्हलवाल्यानं कैरोहून अलेक्झांड्रियाची एक दिवसाची गाइडेड टूर दिलीय, सहा ठिकाणं. होतात का? सोबत आई आहे, गुडघ्याचा त्रास.

दादा, सहा होत नाहीत, नुसती बघून झाली म्हणायची. कैरोहून अलेक्झांड्रिया साधारण 220 किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन सहा तास तर गाडीतच जाणार, त्यात पपायरसच्या (लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या पद्धतीच्या कागदाच्या) नाहीतर अत्तराच्या दुकानात थांबवलं की अजून तासभर गेलाच. म्हणून बुकिंगच्या आधीच मेसेजवर लिहून घ्या की दुकानात थांबायचं नाही आणि तिकिटं कशा-कशाची धरलीत ते. शुक्रवार टाळा, तिकडं सुट्टीचा दिवस असतो.

माझं ऐकाल तर मोंताझाचा बगीचा सोडून द्या. सकाळी कोम अल शोकाफाची भुयारी दफनभूमी आणि जवळच असलेला पॉम्पीचा खांब, दुपारी नवी लायब्ररी (बिब्लिओथेका अलेक्झांड्रिना), ऊन उतरल्यावर समुद्रावरचा कैतबे किल्ला.

दफनभूमी मात्र घाईत करू नका, सगळ्या दिवसात बघण्यासारखं तेच आहे. दुसऱ्या शतकातली, जमिनीखाली तीन मजले, मधी बारवेसारखी गोल विहीर आणि तिच्याभोवती उतरत जाणारा जिना, त्या विहिरीतूनच दोरानं प्रेतं खाली सोडायचे. 1900 साली एक गाढव खड्ड्यात पडलं आणि हे सापडलं असं गाइड सांगतीलच. खाली भिंतीवर इजिप्तचा अनुबिस देव कोरलाय, तोंड कोल्ह्याचं पण अंगावर ड्रेस रोमन शिपायाचा! त्या काळी शहरात इजिप्शियन, ग्रीक, रोमन सगळे एकत्र राहायचे, ते पुस्तकात वाचून कळत नाही तेवढं ह्या एका शिल्पात कळतं. मेलेल्यांच्या आठवणीत नातेवाईक जेवायला बसायचे ती खोलीपण आहे. पायऱ्या शंभराच्या आसपास आहेत, त्यामुळं आईंना वरच सावलीत बसवा आणि घरचं कुणीतरी त्यांच्याजवळ थांबा, आळीपाळीनं उतरा. लायब्ररीत त्यांना त्रास होणार नाही.

प्रश्न (बीडहून): पॉम्पीचा खांब खरंच पॉम्पीचा आहे का? आणि ते जगातलं आश्चर्य असलेलं दीपगृह कुठं बघायचं?

खांबाचा पॉम्पीशी काही संबंध नाही. पॉम्पी हा रोमन सेनापती, तो इजिप्तमध्येच मारला गेला, इ.स.पू. 48 मध्ये, म्हणून मध्ययुगात युरोपातून आलेल्या लोकांनी त्याचं नाव चिकटवलं. खांब उभारला रोमन सम्राट डायोक्लेशियनसाठी, तिसरं शतक संपताना, अस्वानच्या लाल ग्रॅनाइटचा, जवळपास 27 मीटर.

दीपगृह आता नाही ताई. इ.स.पू. तिसऱ्या शतकातलं, शंभर मीटरच्या वर उंच, 1303 आणि 1323 च्या भूकंपांत पार गेलं. सुलतान कैतबेनं 1477 च्या सुमारास त्याच जागी किल्ला बांधला, तोच तुम्हाला दाखवतील. 1994 पासून पाण्यात बुडी मारणाऱ्यांना तिथल्या समुद्राच्या तळाशी मोठमोठे दगड न् पुतळे सापडलेत.

प्रश्न (तेरहून): आमच्या गावच्या म्युझियममधल्या वस्तूंवर रोमन छाप आहे म्हणतात. अलेक्झांड्रियाशी काही संबंध?

हा प्रश्न वाचून फार बरं वाटलं! संबंध आहेच की. पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्यानं ‘पेरिप्लस’ नावाची समुद्री व्यापाराची वही लिहिली, तिच्यात पैठण आणि तगर दोन्ही आहेत, आणि तगर म्हणजे तुमचं तेर. पैठणहून अकीकासारखे खडे आणि तगरहून साधं कापड न् मलमल बैलगाड्यांतून भडोचला जायचं, आणि रस्ते नसलेल्या मुलखातून, असंही त्यानं लिहून ठेवलंय (रस्त्यांची बोंब जुनीच म्हणायची). तिथून जहाजानं तांबड्या समुद्रातली बंदरं, मग उंटावर नाईलपर्यंत, मग नदीनं खाली अलेक्झांड्रिया. गाइडला हे मुद्दाम सांगा, त्यांच्या पाठ केलेल्या भाषणात ते नसतं.

प्रश्न (परभणीहून): आम्ही माळकरी. खायचं काय?

कोशरी मागा: भात, मसूर, मॅक्रोनी, हरभरे, टोमॅटोचा रस्सा आणि वरून तळलेला कांदा, पोट भरतं. फूल म्हणजे शिजवलेल्या बाकल्याच्या शेंगांचे दाणे, आणि त्याच दाण्यांची तळलेली तामेया, दोन्ही शाकाहारीच. कांदा-लसूण चालत नसेल तर धपाटे आणि शेंगाची चटणी घरूनच न्या.